यकृताच्या रुग्णाची शुश्रूषा : घरी आणि रुग्णालयात

रुग्णाला औषध डॉक्टर लिहून देतात. परंतु ते औषध वेळेवर पोटात जाते किंवा नाही, रुग्ण काय जेवला, रात्री झोपला की नाही, त्याच्या शौचाचा रंग कसा होता, या गोष्टी ज्याच्या नजरेसमोर घडतात तो डॉक्टर नसून शुश्रूषा करणारा माणूस असतो. रुग्णालयात ती परिचारिका असते. घरी ती बहुधा रुग्णाची पत्नी, आई, सून किंवा मुलगी असते. यकृताच्या आजारात या माणसाचे महत्त्व फार मोठे आहे. कारण हा आजार महिनोन्महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे चालतो आणि त्यातील बहुतेक धोके एकदम न येता आधी लहानशी सूचना देऊन येतात. ती सूचना ओळखणारा माणूस घरात असला तर रुग्ण वाचण्याची शक्यता वाढते. चांदूर बाजार तालुक्यातील शिरजगाव कसबा, घाटलाडकी, करजगाव, ब्राह्मणवाडा थडी यांसारख्या गावांतील कुटुंबांना आणि नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडावे, या हेतूने प्रस्तुत लेखात या शुश्रूषेची माहिती दिली आहे.

यकृताचे कार्य

यकृत म्हणजेच लिव्हर. पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असलेला हा अवयव प्रौढ माणसात साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचा असतो. अन्न पचण्यासाठी लागणारे पित्त तो तयार करतो. जेवणातील साखर साठवून ठेवतो आणि उपाशी वेळी ती रक्तात सोडतो. रक्त गोठवणारे घटक व अल्ब्युमिन नावाचे प्रथिन तोच बनवतो. आतड्यांत तयार होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर युरियात करून तो मूत्रावाटे बाहेर टाकण्याची सोय करतो. दारू आणि औषधे यांचा निचराही येथेच होतो.

ही कामे लक्षात ठेवली म्हणजे आजाराची लक्षणे आपोआप समजतात. पित्ताचा निचरा झाला नाही की डोळे व लघवी पिवळी होते आणि अंगाला खाज सुटते. अल्ब्युमिन कमी पडले व यकृतातील रक्तवाहिन्यांवर दाब वाढला की पोटात पाणी होते आणि पायावर सूज येते. त्याच दाबामुळे अन्ननलिकेतील शिरा फुगतात, त्या फुटल्या की रक्ताची उलटी होते. रक्त गोठवणारे घटक कमी झाले की हिरड्यांतून रक्त येते. अमोनिया व तत्सम विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचली की रुग्ण बरळू लागतो. साखरेचा साठा संपला की तो झपाट्याने वाळतो.

कारणे अनेक, दोष एकाचा नव्हे

यकृताचा आजार म्हणजे दारूचा आजार, अशी आपल्याकडे समजूत आहे. दारू हे मोठे कारण आहेच. परंतु दूषित पाण्यातून पसरणारे हिपॅटायटिस 'ए' व 'ई', रक्तातून पसरणारे 'बी' व 'सी', मधुमेह व लठ्ठपणामुळे यकृतात साठणारी चरबी, क्षयरोगावरील काही औषधांचा होणारा दुष्परिणाम, तसेच विषबाधा हीही कारणे आहेत. आयुष्यात दारूला स्पर्श न केलेल्या बाईलाही सिरॉसिस म्हणजे यकृत कठीण होण्याचा आजार होऊ शकतो. तिला 'चोरून पीत असेल' असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

विदर्भातील वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रत्येक कावीळ यकृताची नसते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या भागातील अनेक समाजांत आढळतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि त्यामुळे डोळे पिवळे दिसतात. लहान मुलाचे डोळे वारंवार पिवळे होत असतील, हातपाय दुखत असतील आणि रक्त कमी असेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. पित्ताच्या खड्यानेही कावीळ होते. म्हणून आधी निदान, मग उपचार, हा क्रम कधीही बदलू नये.

कावीळ 'उतरवणे' आणि त्यातील धोका

कावीळ झाली की अनेक घरांतून रुग्णाला प्रथम माळ घालण्यासाठी किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुण्यासाठी नेले जाते. माळ डोक्यावरून पायापर्यंत वाढते आणि पाणी पिवळे होते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. माळेतील वनस्पतीच्या काड्या वाळून आक्रसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लागलेला असला की चुन्याच्या निवळीत त्याचा पिवळा रंग उतरतो. निरोगी माणसानेही हा प्रयोग करून पाहावा, त्याचेही पाणी पिवळे होईल.

मग लोक बरे कसे होतात ? तर 'ए' व 'ई' प्रकारची कावीळ बहुतेकांत चार ते सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. शरीर स्वतः बरे होते आणि श्रेय माळेला मिळते. परंतु ज्याची कावीळ आपोआप बरी होणारी नसते त्याचे मोलाचे दिवस या खटाटोपात जातात. पाल्याचे अनोळखी औषध पोटात गेले तर आधीच आजारी असलेल्या यकृतावर आणखी भार पडतो. आपल्याच जिल्ह्यातील मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची 'डंबा' नावाची प्रथा आहे. त्या बालकाच्या पोटफुगीवर त्याने कोणताही उपाय होत नाही, भाजल्याची जखम मात्र नवी होते. रुग्णाच्या घरच्यांना हसून किंवा रागावून हे थांबणार नाही. त्यांच्यासोबत दवाखान्यात जाणारा एक समंजस शेजारी उभा राहिला तर थांबेल.

रोजची वही : शुश्रूषेचा पाया

सिरॉसिसच्या रुग्णाच्या उशाशी एक साधी वही असावी. तीत दररोज पुढील नोंदी कराव्यात.

१) वजन : सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, तेवढ्याच कपड्यांत. एक किलो वजन अचानक वाढले म्हणजे अंगात सुमारे एक लिटर पाणी साठले असे समजावे. पाणी उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना पायावर सूज नसेल तर रोज अर्धा किलो व सूज असेल तर एक किलो, यापेक्षा वेगाने वजन उतरू नये. तसे झाल्यास डॉक्टरांना कळवावे.

२) पोटाचा घेर : टेप बेंबीवरून घ्यावा, रोज त्याच जागी, रुग्ण आडवा असताना.

३) शौच : किती वेळा आणि कोणत्या रंगाची. डांबरासारखी काळी, चिकट व दुर्गंधीयुक्त शौच म्हणजे आत रक्तस्राव झाल्याची खूण होय. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू असल्यास तशी नोंद करावी.

४) लघवी : दिवसभरात किती झाली, रंग कसा.

५) ताप, नाडी, उलटी, अन्नावरील इच्छा.

६) झोप व बोलणे : रात्री जागा व दिवसा झोपाळलेला आहे काय ? नेहमीची नावे विसरतो काय ?

७) सही : वहीच्या शेवटच्या रकान्यात रुग्णाला रोज आपली सही करू द्यावी. निरक्षर असल्यास त्याला चांदणी काढण्यास सांगावे. कालच्यापेक्षा आजची सही वेडीवाकडी आली तर मेंदूवर परिणाम सुरू झाल्याची ती पहिली सूचना असू शकते.

या वहीला पंधरा-वीस रुपये लागतात. डॉक्टरांच्या हाती ती दिली तर महिन्याभराचा आजार त्यांना दोन मिनिटांत दिसतो.

आहार : उपासमार हा उपचार नव्हे

काविळीत तेल बंद, हळद बंद, डाळ बंद, फक्त उसाचा रस आणि फुटाणे, असे पथ्य घरोघरी सांगितले जाते. त्याने रुग्ण अधिकच खंगतो. हळदीने डोळे पिवळे होत नाहीत. रस्त्यावरील उसाच्या रसात दूषित बर्फ असला तर काविळीच्या रुग्णाला दुसरा आजार जडतो. मळमळ असताना तळलेले नकोसे वाटते एवढेच खरे आहे. थोडे तेल भाजीला चालते.

सिरॉसिसच्या रुग्णाला प्रथिने कमी द्यावीत, हा जुना समजही आता मागे पडला आहे. दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने व ३० ते ३५ कॅलरी, असे आजचे सर्वसाधारण प्रमाण आहे. मात्र वजन मोजताना पोटातील पाणी त्यात धरू नये. साठ किलोच्या माणसाचा वऱ्हाडी घरातील हिशेब असा बसतो : ज्वारीचे पीठ २०० ग्रॅम, तुरीची डाळ ७५ ग्रॅम, दूध अर्धा लिटर, अंडी दोन आणि फुटाणे ५० ग्रॅम. यांतून सुमारे ७० ते ७५ ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडी न खाणाऱ्याने त्याऐवजी सोयाबीन वडी किंवा दही घ्यावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

दोन वेळा पोटभर जेवण्यापेक्षा दर तीन-चार तासांनी थोडे थोडे द्यावे. झोपण्यापूर्वी दूध व ज्वारीच्या लाह्या, किंवा दूधभाकरी असे काहीतरी अवश्य द्यावे. यकृतात साखरेचा साठा नसल्याने रात्रीच्या दहा-बारा तासांच्या उपवासात शरीर आपलेच स्नायू जाळू लागते. या कारणास्तव अशा रुग्णाने कोणताही उपवास धरू नये.

पोटात पाणी असेल तर मिठावर नियंत्रण हवे. दिवसभराचे सर्व मीठ मिळून चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, यापेक्षा अधिक नसावे. लोणचे, पापड, ठेचा, फरसाण, बेकरीचे पदार्थ आणि खाण्याचा सोडा यांतही मिठाचाच अंश असतो. संपूर्ण घराची भाजी अळणी करण्याची गरज नाही. मीठ टाकण्यापूर्वी रुग्णापुरती भाजी वेगळी काढावी व तिला लिंबू, लसूण, जिरे, कोथिंबीर यांनी चव आणावी. बाजारात मिळणारे 'कमी सोडियमचे' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असताना ते रक्तात धोकादायक प्रमाणात वाढू शकते. आपल्या भागात संत्री मुबलक आहेत. ती या रुग्णाने खावीत, परंतु वरील गोळी चालू असल्यास टोपलीभर संत्री किंवा रोजचे नारळपाणी यांबाबत आधी विचारून घ्यावे. पिण्याचे पाणी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोडू नये.

पोट, त्वचा आणि अंथरूण

पोट फुगलेल्या रुग्णाला सपाट झोपवू नये, पाठीमागे उशा लावून अर्धवट बसते करावे, श्वास मोकळा होतो. पायाखाली उशी द्यावी. अंडकोशावर सूज असल्यास मऊ कापडाची घडी आधाराला ठेवावी. बिछान्याला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. सुजलेली त्वचा पातळ असते व लवकर फाटते, म्हणून त्याला ओढून सरकवू नये, दोघांनी चादरीसह उचलावे.

खाज असह्य असते. रुग्णाची नखे कापावीत, कोमट किंवा थंड पाण्याने अंग पुसून खोबरेल तेल लावावे, सुती कपडे वापरावेत. रात्री खाज वाढली की रुग्ण चिडतो, तो हट्टीपणा नव्हे.

रुग्णालयात पोटातील पाणी काढताना परिचारिकेने रुग्णाला आधी लघवी करून येण्यास सांगावे, वजन व रक्तदाब नोंदवावा. काढलेले पाणी मोजावे. पाच लिटरपेक्षा अधिक पाणी काढल्यास डॉक्टर सामान्यतः शिरेतून अल्ब्युमिन देतात. नंतर नाडी, रक्तदाब, लघवी व टोचलेल्या जागेची गळती यांवर लक्ष ठेवावे. पोटात पाणी असलेल्या रुग्णाला ताप आला किंवा पोट दुखू लागले तर त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला असण्याचा संभव असतो. अशा वेळी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नये.

रुग्ण बरळू लागतो तेव्हा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. शांत स्वभावाचा माणूस एकाएकी शिव्या देऊ लागतो, दिवसा घोरतो व रात्री फेऱ्या मारतो, घरातच लघवी करतो, हात पुढे करून मनगटे मागे वाकवली की पंजे पक्ष्याच्या पंखासारखे फडफडतात. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणतो, वेड लागले. प्रत्यक्षात यकृताने न गाळलेली विषारी द्रव्ये मेंदूवर परिणाम करीत असतात. हा आजार बहुतेक वेळा उलटवता येतो, पण वेळ थोडा असतो. त्याला खाटेला बांधून मांत्रिकाची वाट पाहण्यात गेलेली रात्र परत मिळत नाही.

ही अवस्था का ओढवते हे शोधावे. बद्धकोष्ठता, आतील रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जुलाब-उलट्यांनी झालेला पाण्याचा अभाव, पाणी उतरवणाऱ्या गोळ्यांचा अतिरेक आणि झोपेच्या गोळ्या ही नेहमीची कारणे होत. रुग्ण रात्री झोपत नाही म्हणून त्याला झोपेची गोळी देणे अत्यंत घातक आहे. लॅक्टुलोजचे पातळ औषध दिलेले असते, ते 'जुलाबाचे औषध' म्हणून घरचे बंद करतात. तसे करू नये. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावी इतपत ते चालू ठेवावे. पाण्यासारखे जुलाब होऊ लागल्यास मात्रा कमी करण्याबाबत विचारावे. रुग्णाची खाट खाली ठेवावी, विळा-सुरी दूर ठेवावी, त्याला गाडी चालवू देऊ नये व गुंगीत असताना तोंडात पाणी ओतू नये.

रक्तस्राव आणि औषधांची सावधगिरी

रक्ताची उलटी झाल्यास रुग्णाला डाव्या कुशीवर निजवावे, तोंडावाटे काहीही देऊ नये आणि तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. चांदूर बाजारहून अमरावतीचे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. त्यामुळे गाडी कोणाची, पैसे कोणाकडे, सोबत कोण, हे रुग्णाच्या घरी आधीच ठरलेले असावे. दात घासण्यास मऊ ब्रश द्यावा, शौचास कुंथू देऊ नये, इंजेक्शननंतर ती जागा पाच मिनिटे दाबून धरावी.

अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, ॲस्पिरिन या गोळ्या सिरॉसिसच्या रुग्णास देऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव होतो व मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटॅमॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी मात्रेत चालते, तेही दिवसाला दोन ग्रॅमच्या आत.

दारू सोडवताना

दारूमुळे आजारी झालेल्या रुग्णाने दारू पूर्णपणे सोडणे हाच मुख्य उपचार आहे. 'देशी बंद, इंग्लिश थोडी' असा मध्यममार्ग यात नाही. परंतु रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत थरथर, झटके, भास होऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडण्याचा आरंभ डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावा. ज्या बाईने वर्षानुवर्षे त्याचा मार खाल्ला, तिच्यावरच त्याची बेडपॅन काढण्याची वेळ येते. तिला सेवेचे धडे देण्याआधी तिची रात्रीची पाळी घरातील दुसऱ्याने घ्यावी. तिची रोजी बुडते, हेही समाजाने ध्यानी घ्यावे.

संसर्ग, पाणी आणि लस

'ए' व 'ई' प्रकारची कावीळ पाण्यातून येते. १९५५-५६ साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. २०१२ साली आपल्या राज्यात इचलकरंजी शहरात दूषित पाण्याने मोठी साथ आली. गर्भवती स्त्रीला शेवटच्या महिन्यांत 'ई' कावीळ झाल्यास शंभरात वीस-पंचवीसपर्यंत मृत्यू होऊ शकतात. अशा स्त्रीला एक दिवसही घरी ठेवू नये. पाणी उकळून प्यावे. विहिरीत व टाकीत ब्लिचिंग पावडर पडते किंवा नाही, हे ग्रामपंचायतीला विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हाती खराटा घेऊन गावे झाडणारे गाडगेबाबा याच जिल्ह्यातील शेंडगावचे, हे आपण विसरू नये.

'बी' व 'सी' हे विषाणू रक्तातून, असुरक्षित सुई व संभोगातून, तसेच आईकडून बाळाला होतात. एका ताटात जेवल्याने किंवा कपडे धुतल्याने होत नाहीत. अशा रुग्णाचे ताट-पेला वेगळा काढणे म्हणजे नव्या अस्पृश्यतेचा आरंभ होय. अमरावतीच्या तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांना जवळ केले, तो धडा येथेही लागू आहे. फक्त रुग्णाचे रेझर, दात घासण्याचा ब्रश व नखे कापण्याचे साधन वेगळे ठेवावे आणि रक्त सांडल्यास हातमोजे घालून ब्लिचिंगच्या द्रावणाने जागा पुसावी. घरातील सर्वांनी 'बी'ची तपासणी करून लस घ्यावी. नवजात बाळाला चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा मिळालीच पाहिजे. २०११ पासून ही लस देशभरातील नियमित लसीकरणात आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात 'बी' व 'सी'ची तपासणी व औषधे मोफत आहेत. 'सी' तर बहुतांश रुग्णांत तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

खर्चाच्या भीतीने उपचार थांबवू नयेत. २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती होता. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालू आहे. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत ठेवून योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्रास भेटावे.

समारोप

शेवटी असेही रुग्ण असतात की ज्यांचे यकृत कोणत्याही औषधाला दाद देत नाही व प्रत्यारोपण शक्य नसते. त्यांच्या बाबतीतही 'आता काही करण्यासारखे उरले नाही' असे म्हणू नये. ओठ ओले ठेवणे, कूस बदलणे, खाजेवर तेल लावणे, वेदना कमी करण्याचे औषध मागून घेणे, त्याच्याशी नावाने बोलणे, हे शेवटच्या दिवसापर्यंत करण्यासारखेच असते. आणि ज्यांचे यकृत सुधारू शकते, अशांची संख्या आपण समजतो त्याहून बरीच मोठी आहे. त्यांच्यासाठी लागते ती एक वही, वेळेवरचे जेवण, काळ्या शौचाची व वेड्यावाकड्या सहीची खूण ओळखणारी नजर आणि रात्री दोन वाजता १०८ लावण्याचे धैर्य. प्रत्येक घरात निदान एका व्यक्तीने एवढे शिकून घ्यावे, ही विनंती.